कच्चा आडत्या, पक्का आडत्या

सुरत म्हटले की आपल्या मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते. महाराजांनी केलेली लूट. १६६४ आणि १६७० ही दोन्ही साले शाळेत पाठ केलेली असतात, पण ज्या गावात लुटण्यासारखे एवढे काही होते ते गाव आज कसे आहे हे पाहायला मुद्दाम कोणी जात नाही. मीही गेलो नसतो. पण माझी मावसबहीण सुरतेला दिलेली. गेली कित्येक वर्षे ताईचा एकच धोशा, ‘एकदा तरी ये, आणि येशील तो हिवाळ्यात ये.’ हिवाळ्यात एवढ्यासाठी की तेव्हा पोंक मिळतो. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, आणि त्यावर लिंबू-मिऱ्याची बारीक शेव. आमच्या गोव्यात ज्वारी पिकत नाही, त्यामुळे हुरडा म्हणजे काय हे मला पुस्तकातूनच ठाऊक. शेवटी जानेवारीत योग आला. पोंक पोटभर खाल्ला. त्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन. आज लिहायचे आहे ते त्या रात्रीच्या जेवणानंतर भावजींनी माझ्यापुढे ठेवलेल्या दोन कागदांविषयी.

भावजींचे घराणे मूळचे खानदेशातले, पण सुरतेत आता तिसरी पिढी. घरात मराठी, दुकानात गुजराती आणि हिशेबात पक्के सुरती. रिंग रोडवरच्या कापड बाजारात साड्यांचा व्यापार आहे. मुलगा दुकानात बसणार नाही हे त्याने स्पष्ट सांगून टाकले आहे. म्हणून चार-पाच वर्षांपूर्वी भावजींनी म्हातारपणाची सोय म्हणून दुबईत एक बेडरूमचा फ्लॅट घेतला. सुरतेत हे आता नवलाचे नाही. २०१९ साली इथून शारजाला पहिले आंतरराष्ट्रीय विमान सुटले, २०२३ च्या डिसेंबरात विमानतळाची नवी इमारत झाली, आणि रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम रीतसर बाहेर नेता येते. नवरा-बायको दोघांच्या नावाने पैसे गेले, घर झाले.

हे घर ते वर्षाच्या कराराने भाडेकरूला न देता सुटीवर येणाऱ्या पाहुण्यांना चार-आठ दिवसांसाठी देतात. दुबईत २०१३ च्या एका सरकारी हुकुमापासून अशा घरांना परवाना लागतो. परवाना भावजींच्या नावावर आणि किल्ली त्यांच्या एका मित्राच्या मुलाकडे, असे आजवर चालले होते. तो मुलगा आपली नोकरी सांभाळून हे बघायचा आणि मोबदला म्हणून दिवाळीला मिळेल ते घ्यायचा. आता तो कॅनडाला चालला होता. म्हणजे पगारी किंवा टक्केवारीवरचा व्यवस्थापक नेमणे आले. दोन कंपन्यांनी प्रस्ताव पाठवले होते, तेच हे दोन कागद.

‘तुझे गावचे घर तू टुरिस्टांना देतोस ना? मग तुला यातले कळत असेल,’ भावजी म्हणाले. मला यातले किती कळते हे माझे मलाच ठाऊक होते. पण पोंक खाऊन झाला होता, आता नाही म्हणणे बरे दिसले नसते.

पहिल्या कंपनीचा कागद सरळ होता. येईल त्या भाड्याचे वीस टक्के कंपनीचे, बाकी मालकाचे. दुबईत पंधरा ते पंचवीस टक्के हा रिवाजच आहे, त्यामुळे यात वावगे काही नव्हते. दुसऱ्या कंपनीचा कागद अधिक गोड होता. घर रिकामे राहो की भरलेले, मालकाला वर्षाला अमुक एक रक्कम ठरलेल्या हप्त्यांनी मिळणार. वर जे सुटेल ते कंपनीचे. टक्क्याची भाषाच नाही.

आम्ही आधी पहिल्या कागदाचे गणित मांडले. पाहुण्याने शंभर रुपये दिले असे धरू. (पर्यटन खात्याला रात्रीगणिक द्यायचे दिरहॅम आणि साफसफाईचे पैसे पाहुणा वेगळे देतो, ते सोडून देऊ.) ज्या संकेतस्थळावरून पाहुणा येतो ते आपला वाटा आधीच कापून घेते. तो साधारण पंधरा. उरले पंच्याऐंशी. आता कंपनीचे वीस टक्के. पण वीस टक्के कशाचे? शंभराचे की पंच्याऐंशीचे? मी कागद दोनदा वाचला. ‘एकूण भाड्याच्या’ असे शब्द होते. म्हणजे शंभराचे. शंभराचे धरले तर वीस, पंच्याऐंशीचे धरले तर सतरा. जो पैसा मालकाच्या हातात कधी आलाच नाही त्यावरही मालक टक्का देणार. शिवाय कंपनीच्या टक्क्यावर तिथला पाच टक्के व्हॅट (तो तिकडे २०१८ पासून आहे) म्हणजे आणखी एक रुपया. उरले चौसष्ट.

त्यानंतर वीज, पाणी आणि इंटरनेट. दुबईत एसी बंद ठेवून घर देता येत नाही. भावजींच्या जुन्या बिलांवरून शंभराला आठ पडत होते. इमारतीचा देखभालीचा आकार बारा. चादरी, टॉवेल, फुटलेले काचसामान, बिघडलेला गीझर मिळून पाच. उरले एकोणचाळीस. वीस टक्क्यांचा व्यवस्थापक नेमला तर मालकाला ऐंशी मिळतील, असे आपण सहज मनात धरून बसतो. प्रत्यक्षात मालकाच्या दारात चाळीसही पोचत नाहीत. यातला व्यवस्थापकाचा हिस्सा एकवीसच आहे हे खरे, पण बाकीचे सगळे खर्चही त्याच्याच हातून होणार असतात. गीझर कोणाकडून दुरुस्त करून घ्यायचा, चादरी केव्हा बदलायच्या, हे तो ठरवणार आणि बिल आपण भरणार. भावजींच्या कागदात एक कलम होते की ठरावीक रकमेपर्यंतच्या दुरुस्तीला मालकाची परवानगी लागणार नाही. ती रक्कम गीझरच्या किमतीहून थोडी जास्त होती!

आणि हे सगळे झाल्यावर आपले घरचे आयकर खाते आहेच. भारतात राहणाऱ्या माणसाला जगात कुठेही मिळालेल्या उत्पन्नावर इथे कर भरावा लागतो. दुबईत व्यक्तीला आयकर नाही म्हणून तो पैसा करमुक्त, असा समज असलेली पुष्कळ माणसे असतात. शिवाय विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवली नाही तर २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. भावजी ती दाखवतात. पण गंमत पुढेच आहे. हे उत्पन्न घरभाड्याच्या सदरात धरले तर स्थानिक कर सोडून सरसकट तीस टक्के वजावट मिळते, आणि मग व्यवस्थापकाला दिलेला टक्का किंवा विजेचे बिल वेगळे वजा करता येत नाही. म्हणजे हातात एकोणचाळीस आणि कर सत्तरावर. वरच्या टप्प्यातल्या माणसाला तो जवळजवळ बावीस बसतो. उरले सतरा. तेच उत्पन्न धंद्याच्या सदरात धरता आले तर खरे खर्च वजा होतात, कर बारा-एक बसतो आणि सत्तावीस उरतात. कोणते सदर लागू होईल हे पाहुण्याला तुम्ही नुसती भिंती-छप्पर देता की सेवाही देता, यावर अवलंबून. हा वाद सीएच्या टेबलावरचा, म्हणून आम्ही तो तिथेच सोडला. पण व्यवस्थापकाच्या खर्चाचा विचार करताना हा आकडा कोणी धरत नाही. आपण एक रुपया देतो आणि त्या रुपयावरचा करही कधीकधी आपणच भरतो.

भावजी माझे गणित ऐकून हसले. ‘तू टक्क्यात अडकलास. मला हे दोन कागद बघितल्याबरोबर माझे वडील आठवले,’ ते म्हणाले. त्यांचे वडील सुरतेच्या एका आडतीच्या पेढीवर मेहताजी होते. आडत हा शब्द आपल्याकडे भाजी मंडईत ऐकू येतो, पण गुजरातच्या आणि जुन्या मुंबईच्या बाजारात त्याचे दोन स्पष्ट प्रकार आहेत. कच्चा आडत्या आणि पक्का आडत्या. कच्चा आडत्या तुमच्या वतीने माल घेतो-विकतो आणि आपली आडत घेतो. भाव पडला तर नुकसान तुमचे, समोरच्या पार्टीने पैसे बुडवले तरी तुमचे. पक्का आडत्या स्वतः मध्ये उभा राहतो. तुमचा व्यवहार त्याच्याशीच. समोर कोण आहे हे तुम्ही विचारायचे नाही, आणि ठरलेले पैसे त्याने द्यायचे. समोरच्याने नाही दिले तर खिशातून द्यायचे. ही रीत इतकी पक्की होती की १९०५ साली मुंबईच्या उच्च न्यायालयानेही ती मान्य केली.

‘पहिला कागद कच्च्या आडत्याचा, दुसरा पक्क्याचा. बाकी सगळी इंग्रजी,’ भावजी म्हणाले.

मी म्हटले, ‘मग पक्काच बरा की. जोखीम त्याची.’

‘जोखीम कोणी फुकट घेत नाही. त्याने धरलेली रक्कम बघ. चांगल्या वर्षी जे सुटेल त्याच्या निम्मीच मला देतो आहे. आणि पक्क्याचेच उठमणुं झाले तर?’

उठमणुं हा खास गुजराती बाजारातला शब्द. एखादा व्यापारी सकाळी दुकान उघडत नाही, फोन लागत नाही, गावाला गेला की गेलाच, त्याला म्हणतात पार्टीचे उठमणुं झाले. सुरतेच्या कापड बाजारात हा शब्द उच्चारला की माणसे हातातला चहा खाली ठेवतात. पक्क्या आडत्याची हमी म्हणजे त्याची पत. गावातल्या आडत्याची पत बाजारात विचारता येते. दुबईतल्या कंपनीची कोणाला विचारणार?

ताई इतका वेळ भाजी निवडत बसली होती. तिने एकच विचारले. ‘यात आम्ही तिथे कधी राहायचे?’

आम्ही दोघेही गप्प झालो. तिने ते घर फोटोतच पाहिलेले. घेतले तेव्हा ताब्यासाठी भावजी एकटे गेले होते, मग पाहुणे सुरू झाले. कागद पुन्हा उघडले. पक्क्या आडत्याच्या कागदात मालकाला एकही दिवस नव्हता. कच्च्याच्या कागदात वर्षाला चौदा दिवस होते, जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत दुबईचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. ताई म्हणाली, ‘त्यापेक्षा सुरतेचा मे बरा.’

दुसऱ्या दिवशी भावजी दुकानात गेले आणि मी एकटाच कतारगाम दरवाजाकडची जुनी युरोपीय थडगी पाहायला गेलो. रिक्षावाल्याला ‘अंग्रेजों का कब्रस्तान’ एवढे सांगितले की पुरते. इंग्रजांच्या आवारात जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांचे घुमटाचे दुमजली थडगे आहे. जॉर्ज हा सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख. १६६४ च्या जानेवारीत महाराज आले तेव्हा शहराचा सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला, पण याने वखार लढवली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तो एवढ्यापुरताच येतो. मी मात्र आदल्या रात्रीच्या कागदांच्या नादात होतो. मला तो दुसऱ्याच रूपात दिसला. मालक लंडनमध्ये, मालमत्ता सुरतेत आणि हा मधला व्यवस्थापक.

त्या कंपनीचे मालक आपल्या माणसांना पगार काय देत? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वखारीतल्या लेखनिकाला वर्षाला १० पौंड. एवढ्यात सुरतेच्या उन्हात कोण राहणार? मालकांना ते ठाऊक होते. म्हणून पगार वाढवण्याऐवजी त्यांनी कालांतराने आशियातल्या बंदरांमध्ये खासगी व्यापार करण्याची मुभा दिली. पगार वाचला. मग कंपनीचा माल आधी जहाजावर चढायचा की कारकुनाचा स्वतःचा, हे सुरतेच्या बंदरावर ठरू लागले. लंडनहून पत्र केपला वळसा घालून यायला सहा-आठ महिने, उत्तर जायला तितकेच. तोवर हंगाम संपलेला असे. इथल्या दलालांशी, भाषेशी, भावाशी ज्याचा रोजचा संबंध त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून मालकाला गत्यंतर नव्हते. स्वस्तात व्यवस्थापक ठेवला की उरलेला पगार तो आपल्या हाताने घेतो. आपल्याकडे याला कुंपणाने शेत खाणे म्हणतात, पण कुंपणाला खत-पाणी कोणी घातले होते, हे म्हणीत येत नाही.

जवळच डचांचे आवार आहे. तिथले मोठे थडगे हेंड्रिक व्हान रीड याचे. इंग्रजांच्या थडग्यावर ताण करण्यासाठी ते एवढे भव्य बांधले असे म्हणतात. गोव्याच्या माणसाला हे नाव परके नाही. मलबारात डचांचा अधिकारी असताना त्याने केरळच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ पासून तो अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनचे तीन कोंकणी वैद्य त्या कामात होते. त्यांचे नागरी लिपीतले कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. आमचेच गोव्याहून गेलेले लोक. व्हान रीडचे नाव मी आजवर याच संदर्भात घेत आलो.

पण तो सुरतेत कसा पुरला गेला? १६८४ साली डच कंपनीच्या मालकांनी त्याला खास आयुक्त नेमले. काम एकच. बंगालपासून सिलोन-मलबारपर्यंतच्या आपल्या वखारींतला भ्रष्टाचार शोधून काढायचा. म्हणजे व्यवस्थापकांवर नेमलेला व्यवस्थापक! सात वर्षे तो एका बंदरातून दुसऱ्यात हिशेब तपासत फिरला. सुरतेची वखार तपासायला येत असताना १६९१ च्या डिसेंबरात मुंबईजवळ समुद्रात त्याचा अंत झाला, आणि जिथे हिशेब तपासायचे तिथेच थडगे झाले. त्या घुमटाखाली उभे राहून वाटले, दूरच्या मालमत्तेच्या खर्चात हाही एक आकडा असतो. व्यवस्थापकाचा पगार, आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याचा पगार. दुसरा आकडा वाचवायला जावे तर पहिला फुगतो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा भावजींना आमच्या घराची हकीकत सांगितली. आदल्या रात्री ती सांगायचे धैर्य झाले नव्हते.

आमचे घर बार्देशात आहे. राजांगण, तुळस, मागे माडांचे भाट. आम्ही भाऊ मुंबईत, त्यामुळे घर वर्षातले अकरा महिने बंद आणि किल्ली मुंडकाराच्या घरी. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारे कुटुंब. पूर्वी त्या बदल्यात माडांची आणि घराची राखण त्यांनी करायची असे. मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून १९७५ साली कायदा झाला आणि राहते घर विकत घेण्याचा हक्कही त्यांना मिळाला. आमच्या मुंडकारानेही मामलेदाराकडे अर्ज करून आपले घर घेतले. वडील त्याच्याशी पुढे कित्येक वर्षे बोलले नाहीत. पण मुंडकाराच्या बायकोने किल्ली सोडली नाही. पावसात ती आठवड्यातून एकदा घर उघडायची, खिडक्या सताड करायची, चुलीत धूर घालायची, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायची. मोबदला म्हणजे चवथीला लुगडे, थोडे पैसे आणि पडलेले नारळ. नारळ किती पडले हे वडील मोजायचे आणि कुरकुरायचे.

ती गेली. २०१६ साली मी घर पर्यटन खात्याकडे रीतसर नोंदवून एका कंपनीला चालवायला दिले. पंचवीस टक्के. पहिल्या वर्षी आलेले पैसे पाहून भाऊ म्हणाला, हे आधीच करायला हवे होते. दुसऱ्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे गावी पोचलो तर अंगणात दिल्लीच्या दोन गाड्या. चूक कंपनीची म्हणावी तर करारात लिहिले होते की मालकाने आपले दिवस तीस दिवस आधी लेखी कळवावेत. मी कळवले नव्हते. आपल्याच घरी चवथीला येतो म्हणून लेखी कळवायचे, हे माझ्या डोक्यातच आले नाही. गणपतीच्या खोलीत कोणाच्या तरी बॅगा होत्या. गोव्यात घराण्याचा गणपती घर बदलत नाही. त्या वर्षी आमचा चुलत्यांच्या पडवीत बसला. आई काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने घराच्या भाड्याविषयी कधी विचारलेही नाही.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर देवघराच्या चौकटीत वाळवी निघाली. कंपनीची मुले पाहुणा यायच्या दिवशी घर लख्ख करीत. पाहुणा नसला की घर बंद, चूल बंद. धूर घालायचे कलम करारात नव्हते, कारण ते लिहावे लागते हे मलाच माहीत नव्हते. चौकट, वरचे वासे आणि कौले परतणे यात त्या वर्षीचे सगळे भाडे गेले. पंचवीस टक्क्यांची कंपनी त्या वर्षी आम्हाला शंभर टक्क्यांना पडली. मुंडकाराच्या बायकोला आम्ही इतकी वर्षे किती कमी दिले, तेही मला त्याच बिलावर कळले.

करार मोडला. (तीन महिन्यांची नोटीस आणि आधी घेतलेली बुकिंगे पुरी करून द्यायची, हाही खर्चच.) मग मी तिच्या सुनेकडे गेलो आणि महिन्याला अमुक पैसे देतो, घर बघ, म्हणालो. ती कंपनीसाठी आमच्याच घरात खोलीमागे ठरलेल्या पैशांवर झाडलोट करीत असे, त्यामुळे पाहुणे काय मोजतात ते तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. ती म्हणाली, ‘तांकां पंचवीस दिताले न्हय? मागीर म्हाका कित्याक ना?’

खरेच, का नाही? उत्तर माझ्याकडे नव्हते. भावाकडे होते. मुंडकाराच्या माणसाला हिस्सा दिला तर उद्या घरावर हक्क सांगतील, तो म्हणाला. मी कायदा काढून वाचला. दुसऱ्याचे घर राखण्यासाठी किंवा नीट ठेवण्यासाठी राहणारा माणूस मुंडकाराच्या व्याख्येत येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. शिवाय ती राहते ती स्वतःच्या घरात. तरी भावाच्या समाधानासाठी कागद केला. आज तिला पंचवीस टक्के मिळतात. चवथीला, शिगम्याला आणि तिच्या माहेरी लग्न असले की बुकिंग बंद. कंपनीच्या पहिल्या वर्षाएवढे उत्पन्न पुन्हा कधी आले नाही. पावसात चुलीत धूर असतो. नारळांचा हिशेब मी मागत नाही. ऑक्झेंडनच्या कारकुनांना दिलेला तो खासगी व्यापार आहे असे समजतो, फक्त इथे पगारही पुरता दिलेला आहे.

भावजींनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, ‘पण दुबईत माझ्याकडे तुझी मुंडकारीण नाही.’

ते खरेच होते. म्हणून माझा सल्ला असा काही नव्हताच. प्रश्न मात्र तयार होते, आणि ते बाजारातल्या माणसाला समजतील असे होते. टक्का कशावर मोजणार? घर रिकामे राहिले तर तोटा कोणाचा? दुरुस्तीची मूळ बिले दाखवणार का? करार मोडायचा तर किती महिने लागणार? आणि ताई तिथे कधी राहणार? पाचवा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण पहिल्या चारांची उत्तरे पैशात देता येतात.

एप्रिलमध्ये भावजींचा फोन आला. पक्का आडत्या सोडला, कच्चा धरला. टक्का संकेतस्थळाने कापून घेतल्यानंतरच्या रकमेवर, परवानगीशिवाय दुरुस्ती निम्म्या रकमेपर्यंत, मूळ बिले दर महिन्याला. एवढे कंपनीने कबूल केले. जानेवारीतले दहा दिवस मालकाला हवेत म्हटल्यावर मात्र ते अडून बसले. तो ऐन हंगाम. शेवटी वर्षभरासाठी दोन टक्के वाढवून दिले तेव्हा सही झाली.

‘वहीत हे दोन टक्के कुठल्या खात्यावर लिहू? भाडेखर्च म्हणावे तर भाडे नाही, प्रवास म्हणावे तर प्रवास नाही,’ भावजी विचारत होते. मागून ताईचा आवाज आला, ‘माझ्या नावावर लिहा.’

म्हणजे पुढच्या जानेवारीत ती दुबईला. पोंकासाठी मला आणखी एक वर्ष थांबावे लागणार. असो.